शुक्रावरची हवा

“ठाऊक नाही, असं लिहा.” हे सांगताना मास्तर खडूचे हात उपरण्याला पुसत आणि आपणच परीक्षेत नापास झाल्यासारखे खिडकीबाहेर बघत.

गिरगावातल्या आमच्या शाळेत मी संस्कृत शिकवी, मास्तर सृष्टिशास्त्र. चंद्राला हवा नाही, हे मात्र ते ठासून सांगत. “चंद्रामागे तारा जाताना बघा. आधी मंद होत नाही. फुंकर मारलेल्या दिव्यासारखा एकदम जातो. हवा असती तर असा गेला असता का?” शुक्राला दाट हवा, मंगळाला विरळ, गुरूवर नुसते ढगच ढग. मग कोणी तरी विचारी, ती हवा कशाची? की मास्तरांचा हात उपरण्याकडे जाई.

आपल्याच हवेत एक नवा वायू सापडल्याची बातमी आली, तेव्हा मधल्या सुट्टीत ते माझ्या शेजारी येऊन बसले. “शास्त्रीबुवा, हा वायू कशाशीच संयोग पावत नाही म्हणे. विलायतेत त्याचं नावच आळशी ठेवलंय. जन्मभर आपल्या नाकातून जातोय-येतोय आणि आपल्याला पत्ता नाही! आणि मी मुलांना शुक्राचं सांगतोय.” ते हसले, पण दमून हसले. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हसायलासुद्धा त्यांना बळ एकवटावं लागतं.

थकवा घरचा होता. फणसवाडीत एका बैठ्या चाळीत त्यांची आतली खोली, खिडकी नसलेली. वहिनींना दमा. त्यांची पाठ चोळत जागायचं आणि सकाळी शाळेत उभं राहायचं. एकदा मी गेलो असताना मास्तर गुरूच्या ढगांविषयी बोलत होते. वहिनी धापा टाकत म्हणाल्या, “भावोजी, यांना म्हणावं, ग्रहांचं राहू द्या. या खोलीत हवा आहे का, ते आधी बघा.” आम्ही तिघंही हसलो. हसायचे सगळ्यांत आधी मास्तर थांबले.

मग मुंबईत गाठीचा ताप, प्लेग आला. शाळा बंद झाली, वाडी ओस पडली. वहिनींना प्रवास झेपणार नव्हता, म्हणून मास्तर राहिले. मी घरची माणसं गावी पाठवली आणि मागे राहिलो.

तपासणीची माणसं आली त्या दिवशी मी तिथंच होतो. वहिनींची धाप पाहून एक जण म्हणाला, “बाईला इस्पितळात न्यायला हवं.”

मास्तर अंथरुणाच्या आड उभे राहिले. “दमा आहे हो! गाठ नाही. बघा, हात लावून बघा!” बायकोच्या आजाराबद्दल चारचौघांत अवाक्षर न काढणारा हा माणूस ओरडत होता.

त्यांच्याबरोबरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि वहिनींना घरीच राहू दिलं. मात्र खोलीत उजेड-वारा नाही, म्हणून जाताना गड्यांकडून वरची कौलं उतरवली.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी गेलो, तर वहिनी त्या उघड्या छपराखाली निजल्या होत्या. धाप खरंच उतरली होती.

“अहो, तो कोण चमकतोय?”

“शुक्र.”

“तिथं हवा आहे म्हणता ना? कसली?”

मास्तरांचे ओठ हलले. ते काय म्हणणार, हे मला माहीत होतं. पण ते खाली बसले, त्यांनी वहिनींच्या कपाळावर हात ठेवला.

“तुझ्या माहेरच्यासारखी. समुद्रावरची. जराशी खारी.”

“मग बरं,” म्हणून वहिनींनी डोळे मिटले.

होळीच्या आधीच त्या गेल्या. ओस वाडीत खांदा द्यायला माणसं जमवताना आमची दुपार गेली.

अस्थी त्यांच्या माहेरच्या खाडीत सोडायला मास्तर कोकणात निघाले. पोचवायला मी बोटीच्या धक्क्यावर गेलो होतो. गाठोडं पोटाशी धरून ते म्हणाले, “शास्त्रीबुवा, खोटं बोललो मी तिच्याशी.”

सत्यावरची सुभाषितं मी वर्षानुवर्षं मुलांकडून घोकून घेतली होती.

“चढा आता,” मी म्हणालो, “शिडी काढतायत.”

गर्दीत त्यांचं पागोटं थोडा वेळ दिसत राहिलं. मास्तर पुन्हा मुंबईत आले नाहीत.