पोरीच्या देखत

माही धाकटी पोरगी बोलत नाई. कान चांगले हायेत तिचे. धानाच्या बांधीच्या त्या टोकावरून हाक मारली तं पळत येते. समजतेबी सारं. फक्त तोंडातून शब्द निंघत नाई, लहानपनापासूनच. वेखंड उगाळून जिभेले लावलं, पोपटाचा उष्टा जांब चारला. कायचाच गुन आला नाई.

मोठी झाली तवा गावात कोनी सांगतलं, अपंगाचं सर्टिफिकेट काढ, निराधारची पगार लागल. तिचा बाप वारला होता. मी दुसऱ्याच्या धानाच्या रोवन्याले, कापनीले जाओ. मी मेल्यावर इले कोन पाहीन, थ्या एका गोष्टीसाठी निंघाली.

चामोर्शीहून बस धरून मोठ्या दवाखान्यात गेलो. संगं नणंद होती. तिले लिहिता-वाचता येते म्हून नेली. आमच्याकडे परक्यासमोर पोरीचं उनं सांगत नाई, लगन व्हाचं रायते ना. डाक्टरनं इचारलं, पोरीले काय काय जमते, तं नणंद लागली सांगाले. रोवना करते, सैपाक करते, गाय दोयते, घर सारवते. जसा काई पोरगा पाहाले आला होता. डाक्टर हासला. म्हने, "बाई, मंग इले अपंग काऊन म्हनू?"

पोरगीबी हासली. तिचं इतकं कौतुक कोनी कधी केलंच नव्हतं.

बाहेर शिपाईभाऊनं मले बाजूले नेऊन समजावलं. कान चांगले हायेत तं मुक्या-बहिऱ्यात बसत नाई. नुसतं बोलत नाई, असा खानाच नाई कागदात. मतिमंदात बसल, पन तसं मायनं सोताच्या तोंडानं सांगाले पाह्यजे.

दुसऱ्या खेपेले आमी दोघीच गेलो. नणंद रुसून बसली होती, म्हने मी चांगलंच सांगतलं तं माहं काय चुकलं. पोरीनं आपल्या हातानं तेल लावून वेनी घातली, नवा झंपर घातला. मागच्यावानी कौतुक होईन, अशी तिले आस.

डाक्टरनं तिले समोर स्टुलावर बसवलं आन मले तेच इचारलं. तिले बाहेर पाठवा म्हनाची हिंमत नाई झाली. मी खाली पाह्यलं.

"इले काईच समजत नाई, साहेब. बुद्धीच नाई."

मंग त्याइनं तिच्यासमोर चित्राचं पुस्तक ठेवलं. गाय कोनती, दाखव म्हनलं. रोज दोन टाइम गाय दोयनारी पोरगी. तिनं माह्याकडे पाह्यलं, लय वेळ पाह्यलं. हात काई उचलला नाई. घर इचारलं, झाड इचारलं, तरी नाई.

सर्टिफिकेट भेटलं. पगारबी लागली, अजून चालू हाये. थ्या दिवशी येताना बसस्टँडवर मी फुटाने घेतले, तं तिनं अर्धे माह्या पदरात टाकले आन खिडकीकडे तोंड करून बसली.

रागानं बसून रायली का माहा शब्द राखाले, मले आजलोक ठाऊक नाई. इचारून पाह्यलं, खुनेनं सांग म्हनलं. ती नुसती आपल्या कामाले लागते.

शेजारची पोरगी मायले फाडफाड बोलते. तिची माय माह्या ओट्यावर येऊन रडते. मी तिले पानी देतो. मनात येते, एक डाव माही पोरगी अशी भांडली असती. "थ्या दिवशी माह्या देखत तसं काऊन बोलली?" म्हनली असती. दिवसभर बोलली असती तरी मी हललीच नसती तिथून.