बावीस मुके व्हॉल्व्ह

आमच्या वन्सं निवृत्त झाल्या त्या दिवशी प्रयोगशाळेने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. घरी आल्या आल्या ते माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "हे लाव तुझ्या स्वयंपाकघरात. मला आता वेळ बघायची गरज नाही." काहीतरी शिजतंय हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. चौथ्या दिवशी मागच्या खोलीतलं माझं शिवणयंत्र पॅसेजमध्ये आलं आणि खोलीत बर्नर, गॅसची टाकी आणि हवा खेचून घेणारा एक जुनापुराणा पंप जाऊन बसला.

एकतीस वर्षं या बाईने काच फुंकली. प्रयोगशाळेला लागणाऱ्या नळ्या, चंबू, वाकडीतिकडी भांडी सगळी हाताने करायची. त्यातही काचेतून तार बाहेर काढायची आणि तिथल्या सांध्यातून हवेचा कणही आत जाऊ द्यायचा नाही, हे काम दुसऱ्या कोणाकडे जातच नसे. वन्सं स्वतःचं कौतुक करणाऱ्यातल्या नाहीत, पण एक वाक्य त्यांच्या तोंडून मी शंभरदा ऐकलंय: "माझा सांधा गळत नाही."

आता त्यांना रेडिओचा व्हॉल्व्ह करायचा होता. जुन्या रेडिओत असायचे ना, काचेचे, चालू केले की आत तांबूस उजेड पडणारे, तो.

"दुकानात मिळत नाही का?" मी विचारलं.

"मिळतो की."

"मग?"

"तू स्वेटर का विणतेस? तोही दुकानात मिळतो."

मी गप्प बसले. आमचे हे पेपर बाजूला सारून माझ्याकडे बघत राहिले, कारण हा प्रसंग आमच्या घरात वारंवार येत नाही.

व्हॉल्व्हच्या पोटात कामाच्या अशा तीनच गोष्टी असतात. मधे तापणारी तार, तिच्याभोवती केसाएवढ्या तारेची जाळी आणि त्याभोवती पातळ पत्रा. हा सांगाडा वन्सं चष्म्यावर चष्मा चढवून दोन दोन दिवस जुळवायच्या. मग तो उपड्या काचेच्या वाडग्याखाली झाकून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या फुग्यात घालून काच वितळवून बंद करायच्या. मग शेंड्याला ठेवलेल्या बारीक नळीतून हवा ओढत दिवसभर पंप घुरघुरायचा. शेवटी आतली एक छोटी कडी बाहेरून तापवली की तिच्यातल्या भुकटीचा भपकन धूर होऊन काचेवर आतून चांदीसारखा डाग बसायचा. उरलीसुरली हवा तो डाग खाऊन टाकतो म्हणे. तो चमकला की त्या दिवशी घरात सगळ्यांना एक चहा जास्त मिळायचा.

पण आनंद तेवढाच. दुसऱ्या दिवशी वन्सं पडदे ओढून घ्यायच्या, व्हॉल्व्हला वीज जोडायच्या आणि आत जांभळा उजेड पडायचा. दिसायला इतका सुंदर की मी पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या होत्या. वन्संनी शांतपणे सांगितलं, "जांभळा दिसला म्हणजे आत हवा आहे. मेला हा." लाकडी फळीवर त्यांनी एक रेडिओ जुळवून ठेवला होता. बाकी सगळं तयार, एका व्हॉल्व्हची जागा तेवढी रिकामी. ती सात महिने रिकामीच राहिली.

पाच व्हॉल्व्ह मेले तेव्हा वन्संनी पंपाचं तेल बदललं. दहा मेले तेव्हा रबरी नळ्या बदलल्या. पंधरावा मेला तेव्हा त्यांनी भिंग घेतलं आणि स्वतःचे सांधे तपासायला लागल्या. त्यानंतर "माझा सांधा गळत नाही" हे वाक्य घरातून गेलं. चहाचा कप उचलताना त्या स्वतःच्या हाताकडे बघायच्या. एकदा मला म्हणाल्या, "अगं, हात गेले माझे. कळलं नाही कधी ते." एरवी मी ते थट्टेवारी नेलं असतं; त्या दिवशी त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

बाविसावाही जांभळा झाला आणि त्यांनी निर्णय सांगून टाकला. सामान फक्त आणखी एका व्हॉल्व्हपुरतं उरलं होतं. पण तोही त्या करणार नव्हत्या. शाळेतले विज्ञानाचे मास्तर कधीपासून पंप आणि बर्नर मागत होते, त्यांना शनिवारी टेम्पो घेऊन या म्हणून सांगून झालं. आमचे हे म्हणाले, "ताई, घाई करू नकोस." ताईंनी ऐकलं नाही. माझं शिवणयंत्र परत खोलीत जाणार होतं, आणि मला मेलीला त्याचा जराही आनंद होत नव्हता.

बुधवारी दुपारी मास्तरांचा फोन आला. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. वन्सं त्यांना समजावत होत्या, "मुलांना एक पक्कं सांगा मास्तर. आतल्या भागाला बोट लावायचं नाही. चिमट्यानेच उचलायचं. बोटाच्या ठशाला तेलकटपणा असतो, तो तापला की त्याची वाफ होते आणि सगळी निर्वात पोकळी नासते. एक ठसा पुरे."

माझ्या हातातलं ताट हातातच राहिलं.

त्याचं असं आहे. वन्सं रोज सकाळी फिरायला जातात, तेव्हा मी ती खोली झाडते. आणि झाडून झालं की उपडा वाडगा उचलून तो सांगाडा बघते. म्हणजे हातात घेऊन बघते. खिडकीशी नेऊन उजेडात फिरवते. ती जाळी इतकी नाजूक, इतकी सारखी विणलेली की दोन सुयांवर जन्मभर विणूनही मला तसं जमलं नसतं. धूळ बसू नये म्हणून मी तिच्यावर फुंकरही घालायची. भांडी घासून हाताला भेगा पडतात, म्हणून सकाळीच हाताला क्रीम चोपडलेलं असायचं. बावीसच्या बावीस सांगाड्यांना माझे लाड मिळाले होते.

दोन तास मी नुसती येरझारा घालत होते. खोलीवरून मी सात महिने कुरकुर केलेली. आता सांगितलं तर मुद्दाम केलं असंच कोणालाही वाटणार. न सांगावं, तर शनिवारी पंप जाणार आणि हात गेले असं समजत ही बाई उरलेलं आयुष्य काढणार. शेवटी चहाचा कप पुढे ठेवला आणि एका दमात सगळं ओकून टाकलं.

वन्संनी कप खाली ठेवला.

"रोज हात लावायचीस?"

"रोज."

"सगळ्यांना?"

"एकही सोडला नाही."

"फुंकरसुद्धा?"

मी मान खाली घातली. आता अंगावर काय येतंय याची वाट बघत होते, तर खुर्ची हलायला लागली. वन्सं हसत होत्या. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेनात. "म्हणजे सांधा गळत नव्हता," त्या म्हणाल्या. "अगं, माझा सांधा गळत नव्हता!" मग उठल्या, बावीस मेलेले व्हॉल्व्ह टेबलावर मांडले आणि भिंगातून एकेक सांधा मला दाखवत सुटल्या. हा बघ किती स्वच्छ, हा बघ, याच्यात बुडबुडा दाखव. संध्याकाळचा स्वयंपाक त्या दिवशी ह्यांनी केला, आणि आम्ही दोघींनी तो मुकाट्याने खाल्ला.

तेविसाव्या व्हॉल्व्हचं दोन दिवसांचं काम वन्संनी रात्र जागून गुरुवारीच संपवलं. मी दारात हात मागे बांधून उभी होते, तसा हुकूमच होता. शुक्रवारी पंप दिवसभर घुरघुरला आणि संध्याकाळी काचेवर चांदी बसली. शनिवारी सकाळी आम्ही पडदे ओढले. वन्संनी वीज जोडली. तार हळूहळू तांबूस झाली. आम्ही जांभळ्याची वाट बघत होतो. एक मिनिट गेलं, दोन गेली. तांबूस तांबूसच राहिलं.

एवढ्यात टेम्पो दारात आला. वन्संनी मास्तरांना हाताने बसायची खूण केली, व्हॉल्व्ह फळीवरच्या रिकाम्या जागेत बसवला आणि बटण फिरवलं. आधी खरखर, मग एक शीळ, आणि मग खणखणीत आवाजात एक बाई गुडघेदुखीवरचे व्यायाम सांगायला लागली. पाय सरळ ठेवा, दहा आकडे मोजा. वन्संनी खरंच दहा आकडे मोजले, ओठातल्या ओठात. ह्यांनी डोळे पुसले आणि चष्म्याला दोष दिला. मला तर त्या गुडघेवाल्या बाईला कडकडून मिठी मारावीशी वाटत होती.

मास्तर वाकून वाकून व्हॉल्व्ह बघत होते. "घरी केलेला? कमाल आहे. पण मग आधीचे बावीस का गेले? नक्की चुकत काय होतं?"

मी पटकन हात मागे बांधले. वन्संनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पंप," त्या म्हणाल्या. "पंपाचं काही खरं नाही हो, मास्तर. फार दगा देतो. मुलांच्या हातात असला पंप कशाला द्यायचा?"

मास्तरांनी पंपाकडे जरा संशयाने पाहिलं, दोन कप चहा घेतला आणि रिकामा टेम्पो घेऊन गेले. पस्तीस वर्षांच्या सहवासात वन्संना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.