संपादकाची मान

रिटायर झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी घरातली सगळी कपाटं आवरली आणि मग नवऱ्याचं गराज आवरायला घेतलं. तेव्हा ह्यांनीच मला सुचवलं की, "अगं, लायब्ररीत व्हॉलंटियर का करत नाहीस?"

आम्ही राहतो त्या ट्रॉयपासून तासाभराच्या अंतरावर एक जुनं गाव आहे. तिथल्या लायब्ररीत एकोणिसाव्या शतकातल्या एका कवयित्रीची पत्रं होती. ती त्याच गावात, शेतावरच्या घरात एकटी राहायची. तिच्या कविता एका साप्ताहिकात छापून यायच्या आणि ते साप्ताहिक बंद पडल्यावर तिला सगळे विसरले. ही पत्रं टाइप करायला माणसं हवी होती. जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या तिथल्या पोरसवदा आर्काइव्हिस्ट मुलीने माझ्यापुढे एक पान ठेवलं आणि विचारलं, हे अक्षर वाचता येतं का? मी आयुष्यभर फार्मसीच्या काउंटरमागे उभं राहून डॉक्टरांचं अक्षर वाचलं होतं. त्या मानाने ही बाई म्हणजे मोत्यांची माळ होती. मी धडाधड वाचत गेले. फक्त सवयीने प्रत्येक वाक्य "जेवणानंतर घ्या" अशा सुरात वाचलं, असं आर्काइव्हिस्टने नंतर मला सांगितलं.

पत्रांची दोन खोकी होती. एकात दूरच्या राज्यात राहणाऱ्या थोरल्या बहिणीला लिहिलेली घरगुती पत्रं, दुसऱ्यात साप्ताहिकाच्या संपादकाला लिहिलेल्या पत्रांचे कच्चे खर्डे. संपादकाशी बाईंचं सतत वाजायचं. तिने आपल्या डुकरावर कविता लिहून पाठवली होती आणि संपादकाने डुकराच्या जागी कोकरू घालून ती छापली. वाचकांना कोकरू आवडतं, असं त्याचं म्हणणं. बाईंनी कळवलं की माझ्याकडे डुक्कर आहे, कोकरू नाही; जे आहे तेच छापावं ही विनंती. संपादक बधला नाही. पुढच्या कवितेतल्या बटाट्याचा त्याने गुलाब केला.

बर्फ पडायला लागल्यावर दर मंगळवारी हे मला ड्राइव्ह करून नेऊ लागले. सुरुवातीला गाडीतच बसायचे. मग थंडी वाजते म्हणून आत आले आणि आर्काइव्हिस्टने त्यांनाही एक पान दिलं. ह्यांचं आयुष्य गाड्यांचे ब्रेक डिझाइन करण्यात गेलेलं. कवितेशी संबंध शाळेत पाठांतरापुरता. पण डुकराचं प्रकरण वाचून ते पेटले.

"म्हणजे स्पेसिफिकेशन दिलंय डुकराचं, आणि हा डिलिव्हर करतो कोकरू?" ते म्हणाले. "आपल्या बाईंनी ऐकून घ्यायला नको होतं."

तेव्हापासून ती "आपल्या बाई" झाली. मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणाला ह्यांनी हा विषय इतक्या तावातावाने काढला की नागपूरचे एक काका गंभीर होऊन म्हणाले, "शेजारी आहेत का तुमचे? सिटीला कंप्लेंट करून टाका यार."

बाईंना कागद जपून वापरायची सवय होती. बहिणीला लिहिताना पान भरलं की ते फिरवून त्याच ओळींवरून आडवं लिहायचं. तेही भरलं की हाताला लागेल तो कागद घ्यायचा. अशाच एका पत्रात आम्हाला मोठं घबाड सापडलं. सरळ ओळींत संपादकाबद्दल कुरकुर होती आणि पान फिरवल्यावर, आडव्या ओळींत, असं होतं: हा म्हातारा आता सहन होत नाही. पहाटेपासून ओरडतो, छाती काढून मिरवतो, तरुणांना टोचून टोचून हैराण करतो. थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत वाट बघेन, मग स्वतःच्या हाताने त्याची मान मुरगळेन.

पत्र तिथेच तुटलं होतं. शांत, निसर्गप्रेमी म्हणून लायब्ररीच्या पत्रकात जिचा उल्लेख होता, त्या बाईंच्या मनात हे होतं. आर्काइव्हिस्टने लगेच काचेच्या कपाटात ते पान ठेवलं, शेजारी "कवयित्रीचा संताप" असं कार्ड लावलं आणि पत्रांच्या वाचनाचा जाहीर कार्यक्रम ठरवला. वाचणार मी.

कार्यक्रमासाठी शॉमबर्गहून मुलगी आली. ती वकील आहे. गाडीत मी तिला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, आर यू शुअर? धिस इज अ थ्रेट."

"अगं, रागात माणूस बोलतो," मी म्हटलं.

निघता निघता ह्यांनी मला एक टाइप केलेलं पान दिलं होतं. तुटलेल्या पत्राचा पुढचा भाग त्यांना संपादकाच्या खोक्यात सापडला होता. पाठीमागे संपादकाच्या पत्राचा खर्डा असल्यामुळे तो तिकडे गेला होता. मी खूश झाले आणि पान फाइलमध्ये शेवटी लावलं. वाचायला वेळ मिळाला नाही.

हॉल चक्क भरला होता. डुकराला लोक हसले, बटाट्याला टाळ्या पडल्या. मग मी आवाज खाली आणून मान मुरगळण्याचा परिच्छेद वाचला. लोक पुढे सरकून बसले. मी नवं पान उघडलं आणि त्याच गंभीर आवाजात वाचलं की हे पत्र इतके दिवस अर्धंच पडलं होतं; काल अखेर मी ते केलं. तो ओरडलाही नाही. कांदा आणि सेजची पानं घालून शिजवला, तरी मांस चामट लागलं. सूप मात्र उत्तम झालं.

पुढच्या रांगेतल्या एका आजींनी तोंडावर हात ठेवला. मी थांबले. ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा वाचलं, तेवढ्यात मागून माझ्या मुलीचा आवाज आला, "आई, इट्स अ रूस्टर."

आधी आर्काइव्हिस्ट हसली, मग सगळा हॉल. कोंबडा. छाती काढून मिरवणारा, पहाटे ओरडणारा, पिल्लांना टोचणारा कोंबडा. मलाही हसू आवरेना आणि पुढचं पत्र मला वाचताच आलं नाही.

"अहो, तुम्ही हे टाइप केलंत, तेव्हा काही वाटलं नाही?" मी ह्यांना बाहेर आल्यावर विचारलं.

"समोर आहे ते मी टाइप केलं," ते म्हणाले. "अर्थ हे तुझं डिपार्टमेंट."

आर्काइव्हिस्टने दुसऱ्या दिवशी कार्ड बदललं. गंमत म्हणजे त्यानंतर लोक ते पान बघायला मुद्दाम येऊ लागले आणि बाईंच्या कविताही वाचू लागले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघरात चहा करत होती. हे ते टाइप केलेलं पान घेऊन बसले होते, कारण वाचनात शेवटचा भाग राहून गेला होता. म्हणाले, "ऐका दोघी." आणि वाचून दाखवलं. सुपाच्या ओळीखाली बाईंनी बहिणीला लिहिलं होतं की आता सकाळी मला कोणी उठवत नाही. उशिरा जाग येते. घर इतकं शांत आहे की मी चुलीशी मोठ्याने बोलते. तू वसंतात येशील का?

"आली का मग ती?" मुलीने चक्क मराठीत विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "बहिणीकडून आलेली पत्रं राहिली नाहीत."

ह्यांनी पान फाइलमध्ये नीट ठेवलं. "संपादकाचं खोकं अजून अर्धं बाकी आहे," ते म्हणाले. "मंगळवारी जरा लवकर निघू."