बदकं रविवारी गेली

माझी आई, लूर्डस, पवई तलावाच्या काठावर काकडी लावायची. फेब्रुवारीत पाणी मागे सरायचं, काटेसावर लाल फुलांनी भरायची, तरी सगळा गाव तिच्या तोंडाकडे बघत थांबायचा. "बदकं जाऊ देत आधी," ती दरडावायची. थंडीपुरती आलेली ती बदकं उडाली, की दुसऱ्या दिवशी आई ओल्या गाळात बी टोचायची. मग बाकीचे.

सदुसष्ट साली पार्ल्याचे एक प्रोफेसर दुर्बीण घेऊन तलावावर यायला लागले. पाखरांबद्दल ते आईलाच विचारायचे. पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक छापून आलं आणि ते द्यायला स्वतः घरी आले. शेवटच्या पानावर आभारात आईचं नाव होतं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तिचं बोट त्या नावावर ठेवलं. बराच वेळ तिने ते उचललंच नाही.

मग म्हणाली, "आता बदकांचं वाच."

मी वाचलं, "बदकं सोमवारी, सहा मार्चला गेली."

"सोमवार कुठला हो?" आई उसळली. "रविवारी मी चर्चला मिस्साला निघाले तेव्हाच तळं रिकामं होतं. सोमवारी माझं बी गाळात होतं!"

प्रोफेसर ओशाळले. "रविवारी मी आलो नव्हतो."

"मी होते ना! किती पुस्तकं छापलीत?"

"पाचशे. छापखान्यातून आणलीत, बाहेर टॅक्सीतच आहेत सगळी."

"ग्रेस, यांना पेन दे," आई मला म्हणाली. "आणि चहा टाक. वेळ लागणार आहे."