टेकडीचं सौंदर्यीकरण

आमच्या गावाला लागून ई-क्लासची टेकडी आहे. ई-क्लास म्हणजे गुरं चारायला ठेवलेली सरकारी जमीन. रविवार आला की अमरावती-अकोल्याहून जीपा आणि मोटरसायकली तिच्यावर चढाया करायला येतात. मीही माझी गाडी घेऊन जातो. मजा येते, खोटं कशाला बोलू? पण चाकांनी चर पडतात आणि पावसाळ्यात त्यातून सगळा मुरूम वाहून गुरांच्या तळ्यात जातो.

म्हणून आम्ही गावातले काही जण सरकारी कचेरीत गेलो. चर बुजवायला मुरूम द्या आणि टेकडीवर एक राखणदार ठेवा, एवढंच मागितलं.

साहेबांनी विचारलं, "नवं काय बांधाचं हाय?"

"काहीच नाही. जे हाय ते राखाचं हाय," मी म्हणालो.

"राखाले निधी नसते, बांधाले असते. अर्जात सौंदर्यीकरण लिहा."

माझं डोकंच सणकलं. "काहून? टेकडीले पावडर लावाची हाय का?"

सोबतच्यांनी मला हाताला धरून बाहेर काढलं. काहीतरी पदरात पडेल म्हणून त्यांनी तो शब्द लिहून दिला.

पडलं ना! यंदा टेकडीच्या वाटेवर सिमेंटची रंगीत कमान उभी राहिली. राखणदार नाही, मुरुमाची एक पाटी नाही. वर कमान इतकी बुटकी, की टपावर सामान बांधलेली जीप तिच्याखालून जातच नाही. सगळ्या जीपा कमानीला वळसा घालून वर चढतात.

टेकडीवरचा सगळ्यात खोल चर आता त्या वळशावर आहे.