हळू जाणारी गोळी

आमच्या साडूंइतका अहिंसक माणूस सबंध युरोपात नसेल, आणि घरात पिस्तूल बाळगणारा माणूसही आमच्या नात्यागोत्यात दुसरा नाही. या दोन गोष्टी एकाच देहात कशा नांदतात, हा प्रश्न मला नेहमी पडतो. त्यांना कधीच पडलेला नाही. हॉलंडमधल्या नायमेखनच्या त्यांच्या घरात कोळी दिसला, तर ते त्याला उलट्या ग्लासाखाली धरतात, खालून पोस्टकार्ड सरकवतात आणि मागच्या अंगणात नेऊन सोडतात. बाहेर पाऊस असेल, आणि तो असतोच, तर शेडमध्ये सोडतात. शेडमध्ये आता कोळ्यांच्या बऱ्याच पिढ्या नांदत असाव्यात, आणि ती सगळी मंडळी ताईंच्या सायकलीवर राहते. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. नवऱ्याचं कौतुक करणं आणि त्याला झापणं, ही दोन्ही कामं त्या एकाच वाक्यात उरकतात.

साडू दिवसभर चिपच्या कंपनीत डोळ्यांना न दिसणाऱ्या थरांची जाडी मोजतात. संध्याकाळी तरी माणसानं डोळ्यांना दिसणारं काहीतरी मोजावं, अशी ओढ त्यांना लागली असावी. ऑफिसातल्या कुणाबरोबर ते एकदा नुसतं बघायला म्हणून नेमबाजीच्या क्लबात गेले आणि तिथलेच झाले. इथवर ठीक होतं. पण वर्ष-दोन वर्षांत त्यांचं दुकानातल्या काडतुसांवरून मन उडालं. वरच्या खोलीतल्या टेबलावर एक लोखंडी दाबयंत्र आलं. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी घासूनपुसून घ्यायची, तिच्या बुडाशी टिकली बसवायची, आत तोलून दारू घालायची, वर शिशाची गोळी ठेवायची आणि यंत्राचा दांडा खाली ओढायचा. ताई त्या यंत्राला ‘सोऱ्या’ म्हणतात, आणि साडू खोलीतून बाहेर आले की विचारतात, “किती पाडल्या आज?”

“विकत मिळतात ना हो?” मी एकदा म्हणालो.

“साडूराव, दिवाळीला तुम्ही चकल्या विकत आणता?”

“आणतो की.”

“तरीच,” साडू म्हणाले, आणि पुढची पुंगळी उचलली.

त्यातही त्यांचा हट्ट असा, की गोळी जडच हवी. “हलकी गोळी सुसाट जाते आणि जाताना हाताला हिसडा देते. जड गोळी बेतानं सोडली की हळू जाते आणि हाताला नुसती रेटते. लोकलमधून... जाऊ द्या, तुम्ही तुमच्या डीमन गावात ट्रामनं फिरता ना? ब्रेक मारणारा ड्रायव्हर वेगळा आणि थांबवणारा वेगळा.” हा सिद्धान्त त्यांनी मग साऱ्या संसाराला लावला. त्यांची सायकल जड, तवा जड, बोलणं तर इतकं जड, की वाक्याच्या शेवटी क्रियापद येईपर्यंत ताईंचा कुकर होतो. टाळेबंदीत घरी बसून वजन वाढलं, तेव्हा आरशासमोर उभं राहून ते समाधानानं म्हणाले, “आता मी स्थिर झालो.”

“हो,” ताई म्हणाल्या, “सोफ्यावर.”

करोनाच्या आधी मला ते एकदा क्लबात घेऊन गेले होते. मी डोळा मिटला, श्वास रोखला, चाप ओढला, आणि माझा कागद कोरा तो कोराच राहिला. शेजारच्या रांगेतला म्हातारा डच मात्र आपल्या कागदाकडे कौतुकानं बघत होता. त्यानं त्या खेपेला अजून गोळी झाडलीच नव्हती आणि त्याच्या कागदाला भोक पडलं होतं. तो म्हणजे योप. माझा हात हातात घेऊन म्हणाला, “धन्यवाद. असेच येत जा.”

योप भूगोलाचा निवृत्त शिक्षक, ऐंशी ओलांडलेला. साडूंना पिस्तूल धरायला त्यानंच शिकवलं. बायको गेल्यावर त्याचं बोलणंचालणं असं उरलं होतं ते शनिवारी, क्लबात. पुढे त्याच्या मनगटात संधिवात शिरला. हाउसआर्ट्सनं, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरनं, सांगितलं, की पिस्तुलाचा हिसडा आता बंद. योपनं साडूंना फोन करून सांगितलं, पुढच्या शनिवारी माझ्यासाठी थांबू नकोस. त्याच आठवड्यात सोऱ्या घरात आला. हे मला कित्येक महिन्यांनी ताईंकडून कळलं. मी तोवर त्याला छंद समजून त्यावर चार-दोन बऱ्यापैकी विनोद केले होते.

तर योपच्या मनगटाला कळणारही नाही अशी गोळी बनवणं, हे साडूंचं काम चालू होतं. आणि ती होते न होते तोच करोना आला आणि क्लबाला कुलूप लागलं. साडू दर शनिवारी सायकलवरून योपच्या घरी जायचे आणि फुटपाथवर उभे राहायचे. योप काचेच्या आत. दोघांच्या कानाला फोन. “अजून थोडी मऊ करतोय,” साडू सांगायचे. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटत असेल, केक चाललाय.

त्या वर्षी दसऱ्याला आम्ही दोघं नायमेखनला गेलो. सरकारनं घरी किती पाहुणे यावेत हे ठरवून दिलेलं असल्यामुळे आम्ही दोघं म्हणजेच सगळा दसरा. खंडेनवमीला साडूंनी शस्त्रपूजा केली. पुण्यात त्यांचे वडील शिवणयंत्राची आणि पान्यांची करायचे. इथे खरंच शस्त्र होतं. पण नियम असा, की पिस्तूल तिजोरीबाहेर उगाच काढायचं नाही. म्हणून साडूंनी तिजोरीचं दार उघडून आतच हळदकुंकू आणि फूल वाहिलं, अक्षता टाकल्या, सोऱ्यालाही गंध लावलं. निरांजन नव्हतं. “अहो, घरात दारू आहे! दिवा कसला लावता?” असं म्हणून त्यांनी बॅटरीवरची पणती ओवाळली. आरती चालू असतानाच बेल वाजली.

दारात मास्क लावलेली पोलीसबाई. परवाना पुढे चालू ठेवण्याआधी तिजोरी तपासायला आली होती. साडूंचा चेहरा कागदासारखा झाला. परवाना गेला तर पिस्तूल गेलं, सोऱ्या गेला. आणि योपला क्लबाचं पिस्तूल आणि दुकानातली हिसडा देणारी काडतुसं उरणार, म्हणजे काहीच उरणार नाही. बाई तिजोरीपाशी वाकल्या आणि तशाच थांबल्या.

“हे लाल काय आहे?”

मी मदत करावी म्हणून “ते रक्त नाही” असं डचमध्ये म्हणालो. तोवर तो शब्द कुणी उच्चारलाच नव्हता. बायकोनं माझ्या पायावर पाय दिला.

“तुम्ही पिस्तुलाची प्रार्थना करता?” बाईंनी साडूंना विचारलं.

साडूंना खोटं बोलता येत नाही. ते त्यांच्या संथ चालीनं म्हणाले, “पिस्तुलाची नाही. वर्षभर आपल्या हातून हे कुणाला लागू नये, म्हणून.”

बाईंनी मग सोऱ्याच्या कपाळावरचं गंध पाहिलं, पणती उलटी करून तिचा सेल पाहिला. “फूल काढा,” म्हणाल्या, “सुकलं की पेट घेतं. तांदूळ राहू दे.” ताईंनी डब्यातून करंज्या पुढे केल्या. बाई म्हणाल्या, ड्यूटीवर असताना काही घेता येत नाही. “बघा! नियम म्हणजे नियम!” साडू इतक्या आनंदानं ओरडले, की बाई दचकल्या.

परवान्याचं काय ते न सांगताच बाई निघून गेल्या. पुढचे काही दिवस साडूंनी सोऱ्याला हात लावला नाही. खोलीत जाऊन नुसते बसायचे. परवाना आला त्या दिवशी त्यांनी आधी योपला फोन केला, मग ताईंना खालच्या मजल्यावर सांगितलं.

क्लब तेव्हा वेळ ठरवून थोडाथोडा उघडत होता. एका शनिवारी योप आला, साडूंचं पिस्तूल दोन्ही हातांनी उचललं आणि साडूंची गोळी झाडली. कागदाच्या अगदी कडेला लागली. त्यानं पिस्तूल खाली ठेवलं, मनगट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, “दुखलं नाही.” साडू मला फोनवर हे सांगत होते, त्या वाक्याचं क्रियापद आलंच नाही.

थंडीत पुन्हा सगळं बंद झालं. त्यातच योप घरात पडला आणि मुलीनं त्याला वृद्धांच्या निवासात हलवलं. तिथेही पुन्हा काच आणि फोन. उन्हाळ्याच्या तोंडाशी क्लब उघडला, पण योपला आता पेलासुद्धा धड धरता येत नव्हता. साडू मात्र दर शनिवारी आपल्या शेजारच्या रांगेत योपचा कागद लावायचे. कोपऱ्यात योपच्या हातचं त्याच्या नावाचं आद्याक्षर असलेले कागद क्लबातल्या त्याच्या खणात अजून होते. कुणी काही म्हणायचं नाही. त्या रांगेत कुणी उभंही राहायचं नाही.

त्या सुमारास, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून वर्षभर ऑफिस केल्यामुळे, माझं मनगट धरलं. ताईंना ते बायकोकडून कळलं, ताईंकडून साडूंना. शनिवारी त्यांनी मला क्लबात नेलं आणि माझ्यापुढे एक डबी सरकवली. “योपच्या आहेत. मनगटाला कळणार नाही.”

खरंच कळलं नाही. मी डोळा उघडला तेव्हा माझा कागद पूर्वीसारखाच कोरा होता. शेजारचा नव्हता. भोक जवळजवळ मधोमध होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण साडू तोवर तो कागद हलक्या हातानं काढत होते.

आम्ही तिथून थेट निवासाकडे गेलो. साडूंनी कागद खिडकीच्या काचेला लावून धरला. आत योपनं चष्मा चढवला, कोपऱ्यातलं अक्षर पाहिलं, भोक पाहिलं, फोन कानाला लावला.

“माझा?”

मी साडूंकडे पाहिलं. खोटं त्यांना येत नाही.

“कागद तुझा,” ते म्हणाले. “गोळीही तुझीच.”

मधल्या माणसाचा विषय त्यांनी काढला नाही. योपनं आपलं मनगट उचललं, सावकाश एकदा फिरवून पाहिलं.

“अजिबात दुखलं नाही,” तो म्हणाला.

मी माझा हात कोटाच्या खिशात घातला.