सासऱ्यांच्या नावाची बंदूक

माझ्या बहिणीच्या घरी, सोप्यातल्या खुंटीवर, ठासणीची एक बंदूक आहे. रानडुकरांपासून ऊस राखायला म्हणून तिच्या सासऱ्यांनी परवाना काढला होता. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली. परवाना असलेला माणूस गेला की बंदूक ठाण्यात जमा करायची, हा कायदा फार जुना. पण अळणावरजवळच्या त्या गावात ती अजून खंडेनवमीला झेंडूची माळ घालून घेते, आणि माझे दाजी दोन पेले पोटात ढकलून अंगणात बार काढतात.

गेल्या वर्षी खंडेनवमीला बार आभाळाकडे जायच्या ऐवजी गोठ्यावर गेला. कौलं फुटून खाली आली. तिथंच माझी भाची वैरण घालत होती. थोडक्यात वाचली.

बहिणीचा फोन आला. "अण्णा, ती घेऊन जा इथनं. विहिरीत टाक, कुठं बी टाक."

माझं हुबळीत कापडाचं दुकान. कात्रीपलीकडे शस्त्र चालवलेलं नाही. पण बहिणीपुढे भाऊ म्हणजे सेनापतीच. दाजी कलघटगीच्या बाजाराला गेलेले बघून मी बंदूक चादरीत गुंडाळली आणि ठाण्याकडे जाणाऱ्या बसमध्ये चढलो. नळी बाहेर डोकावत होती.

"छत्री लांब दिसते, सावकार," कंडक्टर म्हणाला.

"बंदूक आहे."

तो पोट धरून हसला आणि सामानाचं तिकीट फाडलं. शेजारच्या पोलिसाने पाय आखडून तिला जागा करून दिली.

ठाण्यात हवालदाराने चादर सोडली आणि नळीवर मायेने हात फिरवला. "ही आमच्या ओळखीची. परवाना कुणाचा?"

"बहिणीच्या सासऱ्यांचा."

"मग त्यांना पाठवा."

"ते वारले. नऊ वर्षं झाली."

"असं कसं? गेल्या निवडणुकीला सगळ्यांबरोबर जमा करून, नंतर सही करून परत नेली की त्यांनी." त्याने वही पुढे केली. सही सासऱ्यांच्या नावाची होती, अक्षर दाजींचं.

"मृत्यूचा दाखला आणतो. आता तरी ठेवून घ्या."

"ठेवून घेतली तर नऊ वर्षं झोपला होतास काय, म्हणून वरनं मलाच विचारतील. वारसानं अर्ज आणला तर बघू."

वारस म्हणजे दाजी.

"आणि सावकार, परवाना नसताना तुम्ही ही घेऊन हिंडताय. हा गुन्हा आहे. गुपचूप नेऊन ठेवा."

मी नेऊन ठेवली. दाजी बाजारातून यायच्या आत ती खुंटीवर होती.

पुढे हुबळीतच, विद्यानगरात एका वकिलांचं भाषण ऐकलं. आता कायदा फार कडक झालाय म्हणे. आनंदाने बार काढला तरी तुरुंग. मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. मग हात वर करून विचारलं, "पण पकडणार कोण?" वकील म्हणाले, प्रश्न चांगला आहे. तेवढ्यात चहा आला.

मी तो कायदा बहिणीला फोनवर चांगला रंगवून सांगितला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "त्यो कायदा बी त्याच हवालदाराकडं यायचा न्हवं?" एवढंच म्हणाली.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी भाची दोन दिवसांचे कपडे घेऊन आमच्याकडे आली. मी बहिणीला म्हटलं, तूही ये.

"मी आले तर जनावरांला वैरण कोण घालणार, अण्णा?"